स्वप्नसाक्ष्य आणि धर्मांतर

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत गिरड नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान या दोन्ही समाजांचे लोक तेथें नवसास जातात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे सांपडतात. साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्यांच्या वाणीनें दगड झाला, अशी त्यांची आख्यायिका आहे. भूस्तरशास्त्रज्ञ मात्र ते काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले खनिजाचे गोळे असल्याचें सांगतात. खडा खरा आहे म्हणून आख्यायिका सिद्ध होत नाहीं. आणि ती सिद्ध होत नाहीं म्हणून संशोधकानें ती फेंकून द्यावी असेंहि नव्हे. लोकांची श्रद्धा कोठें व कशी जडली, एवढें ती निश्चित सांगते.

जुन्या पोथ्या व बाडें चाळणाऱ्यांस हीच अडचण स्वप्नांच्या बाबतींत पडते. अमुक साधूस स्वप्नांत उपदेश झाला, अमुक गृहस्थानें स्वप्न पाहून धर्म बदलला, असें पान हातीं आलें कीं एक पक्ष तें भाकडकथा म्हणून बाजूस सारतो व दुसरा त्यास प्रत्यक्ष घटनेचें प्रमाण मानतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत स्वप्नाचा विचार आहे. स्वप्नांतील सृष्टि मायामात्र आहे, तथापि स्वप्न सूचक असूं शकतें, असा तेथें निर्णय आहे. हा ‘सूचक’ शब्द इतिहासकारासहि उपयोगी पडावा. स्वप्न कशाचें सूचक, एवढाच प्रश्न उरतो.

आधीं आपल्या घरचीं उदाहरणें घेऊं. तुकोबांनीं आपल्या स्वप्नोपदेशाची तिथि माघ शुद्ध दशमी व वार गुरुवार असा दिला आहे. शक दिलेला नाहीं. त्यामुळें तिथिवारांचा मेळ घालून वर्ष ठरविण्याचे अनेक यत्न झाले आणि त्यांत मतभेद राहिले. म्हणजे स्वप्नाची नोंदहि कालनिर्णयाचें साधन होते. बहिणाबाईंचें उदाहरण याहून बोलकें आहे. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग त्यांच्या कानीं पडले, ध्यास लागला आणि मग तुकोबांनीं स्वप्नांत उपदेश केला. ब्राह्मण स्त्रीनें शूद्र गुरु करावा यास त्या काळीं घरांतून वा शास्त्रीमंडळींकडून अनुज्ञा मिळणें शक्य नव्हतें. पतीचा विरोध तर त्यांनीं स्वतःच वर्णिला आहे. जी अनुज्ञा जागेपणीं कोणी देत नव्हतें ती स्वप्नानें दिली. आधीं श्रवण, मग स्वप्न, मग आचरण, असा हा क्रम आहे.

आतां इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेल्यांकडे वळूं. वर्धा जिल्हा 1862 सालीं नागपुरापासून वेगळा झाला, तेव्हां तो व जबलपूर हे दोन्ही नव्यानेंच बनलेल्या मध्यप्रांतांत होते. त्या जबलपुरास शिक्षणखात्यांत अधिकारी असलेले मौलवी सफदर अली यांनीं 1864 च्या नाताळांत बाप्तिस्मा घेतला व पुढें आपलें म्हणणें ‘नियाझनामा’ या ग्रंथांत मांडलें. ही वार्ता लाहोरास मौलवी इमादुद्दीन यांस कळली. हे मूळचे पानिपतचे. आग्र्याच्या शाही मशिदींत त्यांनीं ख्रिस्ती मिशनऱ्यांविरुद्ध प्रवचनें केलीं होतीं. 29 एप्रिल 1866 रोजीं अमृतसर येथें त्यांचाहि बाप्तिस्मा झाला आणि त्यांनीं लगेच आपलें आत्मवृत्त लिहिलें.

हें आत्मवृत्त आमच्या विषयास फार उपकारक आहे; कारण दैवी संकेत मिळावा म्हणून इतकी धडपड केलेला दुसरा साक्षीदार विरळाच. अवलियांच्या कबरींवर ते ध्यान लावून बसले. नदीकांठीं बारा दिवस अनुष्ठान केलें. ईश्वराचें नांव सव्वालक्ष वेळां कागदावर लिहून एकेक नांव कात्रीनें कापलें, कणकेच्या गोळींत घातलें व माशांस खाऊं घातलें. इतकें करूनहि मन निवलें नाहीं. पुढें सफदर अलींचें वर्तमान ऐकून आश्चर्यानें ते नवा करार वाचूं लागले, आणि मत्तयाच्या सातव्या अध्यायापर्यंत येतां येतां पूर्वीच्या श्रद्धेविषयीं संशय दृढ झाला, असें ते सांगतात. संकेताची वाट पाहणाऱ्यास वळविलें तें वाचनानें.

त्यांनीं ग्रंथाचा आधार पुढें करावा याचें कारण त्यांच्या वाचकवर्गांतहि शोधलें पाहिजे. शुभ स्वप्न हा नबीपणाच्या सेहेचाळीस अंशांपैकीं एक होय, असें हदीस मानते. म्हणजे इस्लामांत स्वप्नास मान आहे. परंतु तो मान श्रद्धावंताच्या स्वप्नास. धर्म सोडावयास सांगणारें स्वप्न कोणता मौलवी मान्य करील? मौलव्यांपुढें मौलव्यास ग्रंथच ठेवावा लागला.

याच्या उलट बिल्किस शेख यांचें. वाह येथील या प्रतिष्ठित घराण्यांतील बाईंस 1966 सालीं येशूचें व बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें स्वप्न पडलें. त्यांचें पुस्तक 1978 सालीं प्रसिद्ध झालें. त्यांस वादसभा जिंकावयाची नव्हती. घर, नातीं व भय यांतून वाट काढावयाची होती. येथें स्वप्नास मोठें स्थान आहे. पण कुराण व बायबल यांचें वाचन तत्पूर्वीं सुरू झालेंच होतें. कोल्हापूरच्या बहिणाबाई व वाहच्या या बाई यांत धर्माचें व तीन शतकांचें अंतर आहे. तरी क्रम तोच.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, स्वप्न धर्मांतराचें बीज क्वचितच असतें. बहुधा तें अनुज्ञापत्र असतें. ज्यास बाहेरून अनुमति मिळणें अशक्य, त्याच्या वृत्तांतांत त्याचें वजन वाढतें. ज्यास विद्वानांपुढें समर्थन करावयाचें, तो ग्रंथ पुढें करतो. म्हणून स्वप्नाच्या बळावर एका धर्माचा जय व दुसऱ्याचा पराजय ठरविणें हें जसें इतिहासाचें काम नव्हे, तसेंच ज्यानें त्या पायीं आप्तस्वकीय गमावले त्यास लबाड वा भ्रमिष्ट म्हणणेंहि नव्हे.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, असें पान सांपडल्यास तें पोथीपासून वेगळें करूं नये व सूचींत केवळ ‘चमत्कार’ म्हणून नोंदूं नये. लिहिणारा स्वतः स्वप्न पाहणारा कीं शिष्य, घटनेनंतर किती काळानें लिहिलें, कोणास उद्देशून लिहिलें, आणि स्वप्नापूर्वीं त्यानें काय वाचलें-ऐकलें होतें, या चार गोष्टी टिपून ठेवाव्या. शाळेंत मुलांस शिकवितांना आम्हीं नेहमीं सांगत असूं कीं, उत्तर चुकलें तरी त्याची रीत पुसूं नका. चूक कोठें झाली हें तीवरूनच कळतें. स्वप्नाच्या पानाचें मोल असेंच आहे.