न मागितलेले अपग्रेड : लखनौचे लॅपटॉप आणि आपले घरगुती संगणक

११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकेदार महाविद्यालयाच्या आवारात उत्तर प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री अखिलेश यादव यांच्या हस्ते बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास आरंभ झाला. त्या एका समारंभासाठी सुमारे १०,००० संगणक आणले होते; राज्यभर सुमारे १५ लाख वाटण्याचा संकल्प होता. एचपी कंपनीच्या या यंत्रात २ गिगाबाइट स्मृती, ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि विंडोज ७ व उबुंटू लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली होत्या. कित्येक घरांत शिरलेला तो पहिलाच संगणक. पडदा उजळताच मुख्यमंत्री आणि त्यांचे वडील मुलायमसिंह यादव यांची छबी दिसे, आणि ती काढू पाहणाऱ्याचे यंत्रच बंद पडते, अशा तक्रारी त्या वर्षी वृत्तपत्रांतून झळकल्या. यंत्र आपल्या घरात आले म्हणून त्यावरील सारी सत्ता आपली होत नाही, याची ती पहिली चुणूक म्हणावी लागेल. दुसरी चुणूक दोन वर्षांनी आली आणि ती लखनौपुरती राहिली नाही.

जून २०१५ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्या घरगुती संगणकांच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी, एक लहानसे पांढरे चिन्ह अवतरले. 'विंडोज १० मोफत मिळवा' असे ते सुचवीत होते. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी ही नवी प्रणाली बाजारात आणली आणि वर्षभर, म्हणजे २९ जुलै २०१६ पर्यंत, ती विनामूल्य देऊ केली. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नकार कोण देईल, असा कंपनीचा कयास असावा. पण नकार देणारे निघाले आणि त्यांची कारणे क्षुल्लक नव्हती. लखनौच्या टंकलेखकाची सारी उपजीविका कृतिदेव टंकावर, तर पुण्या-मुंबईच्या छापखान्याची श्रीलिपीवर आणि तिच्यासोबत येणाऱ्या कुलपावर उभी असते. कोणाचा जुना प्रिंटर, कोणाची हिशेबाची जुनी आवृत्ती. नव्या प्रणालीत यांतले काय चालेल आणि काय नाही, हे ती बसवून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो.

त्यात खर्चाचा प्रश्न होता, ज्याची जाणीव सिॲटलजवळच्या कार्यालयात बसलेल्यांना कितपत होती कोण जाणे. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झाले की, ज्यांनी विंडोज १० मागितलेही नव्हते, अशांच्या संगणकांतही तिच्या फायली आपोआप उतरवल्या जात होत्या. त्यांचा आकार साडेतीन ते सहा गिगाबाइट होता. स्वयंचलित अपडेट ज्यांनी चालू ठेवले आहेत त्यांची आपण पूर्वतयारी करून देतो, असे कंपनीने त्यावर सांगितले. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये भारतात मोबाइलवरील एका गिगाबाइटला ग्राहक सरासरी २६९ रुपये मोजत होता. त्या हिशेबाने डोंगल लावून इंटरनेट वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातून, त्याला पत्ताही न लागता, हजार-दीड हजार रुपये निघून जाऊ शकत होते. जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला तो ५ सप्टेंबर २०१६ पासून. मोफत अपग्रेडची मुदत त्यापूर्वी पाच आठवडे संपली होती. लखनौच्या लॅपटॉपमधील २ गिगाबाइट स्मृती ही विंडोज १० च्या ६४ बिट आवृत्तीची किमान अट होती. किमान अटीवर चालणारा संगणक कसा चालतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगणे नलगे.

फेब्रुवारी २०१६ पासून ही प्रणाली 'शिफारस केलेल्या' अपडेटच्या यादीत गेली. मे महिन्यात तर कहर झाला. खिडकी बंद करण्यासाठी कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारावी, ही सवय संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत मुरलेली. त्या खिडकीत मात्र फुली मारल्यावर ठरलेल्या वेळेचे अपग्रेड रद्द होत नसे, म्हणजेच नकाराचा अर्थ होकार लावला जाई. चहूकडून टीका झाल्यावर जूनअखेरीस कंपनीने स्पष्ट नकाराचे बटण देण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील एका प्रवास-व्यावसायिक महिलेची हकिगत प्रसिद्ध झाली. तिच्या कार्यालयातील संगणक अपग्रेडच्या प्रयत्नानंतर निकामी झाला होता. न्यायालयाने तिला १०,००० डॉलर देववले. मायक्रोसॉफ्टने आपली चूक मान्य केली नाही, तथापि अपील मागे घेतले.

या काळात जाणकारांनी शोधलेला उपाय अगदी साधा होता. ते चिन्ह ज्या अपडेटमधून येत असे, त्याचा क्रमांक ३०३५५८३. तो अपडेट काढून टाकायचा आणि पुन्हा येऊ नये म्हणून यादीत 'लपवा' असे सांगायचे. ज्यांना हे जमत नसे त्यांच्यासाठी अमेरिकन संगणकतज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी 'नेव्हर टेन' नावाची छोटी आज्ञावली विनामूल्य दिली. विशेष म्हणजे अपग्रेड थांबवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच प्रणालीत ठेवलेली होती; ती फक्त सामान्य ग्राहकाच्या दृष्टीआड होती. गिब्सन यांची आज्ञावली तेवढीच कळ दाबून देत असे.

अनेकांनी मात्र याहून सोपा आणि घातक मार्ग धरला: त्यांनी सगळेच अपडेट बंद करून टाकले. अपडेट आणि अपग्रेड हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांत दाराचे मोडके कुलूप दुरुस्त करणे आणि बिऱ्हाड हलवणे एवढे अंतर आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर छिद्र बुजवणारा अपडेट दिला. १२ मे २०१७ रोजी त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू सुमारे १५० देशांतील संगणकांत घुसला. त्याला बळी पडलेले बहुतांश संगणक विंडोज ७ चे होते. दोन महिन्यांपूर्वी आलेला तो अपडेट ज्यांनी घेतला होता, त्यांच्या यंत्रात या मार्गाने शिरकाव झाला नाही. बिऱ्हाड हलवायचे नाही म्हणून ज्यांनी कुलूपवाल्यालाही दार उघडले नाही, त्यांची छायाचित्रे, हिशेब, प्रबंध गेले.

चोरांनीही या गोंधळाचा लाभ उठवला होताच. विंडोज १० येऊन दोन दिवस होतात न होतात तोच, मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावरून आल्याचे भासवणारे ई-मेल फिरू लागल्याचे सिस्को कंपनीच्या सुरक्षा विभागाने उघड केले. सोबतची फाईल उघडली की मोफत अपग्रेडऐवजी सारी कागदपत्रे कुलूपबंद होत. अपग्रेडची सूचना संगणकाच्या सेटिंगमध्येच पाहावी. ई-मेलमधून किंवा दूरध्वनीवरून आलेली सूचना खरी मानू नये. 'आपला संगणक अद्ययावत करून देतो' असे सांगून कोणी दूरस्थ नियंत्रण मागितले आणि त्या बोलण्यात नेट बँकिंगचा संकेतशब्द वा ओटीपी आला, तर दूरध्वनी तत्काळ बंद करावा. रक्कम गेलीच असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेत विनाविलंब कळवावे.

अपग्रेडचा हा प्रश्न बँकांनाही चुकला नाही. देशातील अनेक एटीएम यंत्रे विंडोज एक्सपीवर चालत होती आणि त्या प्रणालीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना वेळापत्रकच बांधून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान चतुर्थांश यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत तीन चतुर्थांश आणि जून २०१९ पर्यंत सर्व. कर्मचारी वर्गातील अनेकांना ते दिवस आठवत असतील. घरगुती ग्राहकावर असे परिपत्रक कोणी काढत नाही. तारखा त्यालाच ध्यानात ठेवाव्या लागतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १० साठी संगणकाची नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची व्यवस्था आहे.

ज्यांना विंडोज ११ तूर्त नको, त्यांनी पूर्ण पडद्यावर येणाऱ्या आमंत्रणात 'सध्या विंडोज १० वरच राहा' या अर्थाचा, बारीक अक्षरांतील पर्याय शोधून निवडावा. 'प्रो' आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधील 'टार्गेट रिलीज व्हर्जन' येथे हवी ती आवृत्ती लिहिली की संगणक तिच्यावरच थांबतो आणि त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट येत राहतात. 'होम' आवृत्तीत ही सोय दिलेली नाही. तेथे अपडेट पाच आठवडे स्थगित करता येतात किंवा इंटरनेट जोडणी 'मीटर्ड' ठरवता येते. पण या दोन्हींमुळे सुरक्षा अपडेटही अडून राहतात, म्हणून हे उपाय परीक्षेच्या किंवा विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यापुरतेच योग्य. अपग्रेड होऊन गेलेच असेल, तर पहिल्या १० दिवसांत 'रिकव्हरी'मधून मागे फिरता येते. त्याआधी कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

लखनौच्या त्या लॅपटॉपचे आता काय? विंडोज ११ ला ४ गिगाबाइट स्मृती, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्याच नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१३ च्या त्या यंत्राला ते परवडणारे नाही. एके काळी ज्याच्या मागे अपग्रेड हात धुऊन लागले होते, त्याच संगणकाला आता दारातूनच परत पाठवले जाते. त्यातील उबुंटूची जागा मात्र मोकळी आहे. २ गिगाबाइट स्मृतीवर चालणारी, अद्याप अपडेट मिळणारी हलकी लिनक्स प्रणाली तेथे बसवली, तर वाचन-लेखनाला आणि हिशेबाला तो उपयोगी पडतो. विंडोज ७ वरून मात्र बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि तो कोणाला देऊन टाकायचा झाल्यास ब्राउझरमध्ये साठवलेले संकेतशब्द आधी पुसावेत.