अडीच सेकंद गुणिले बारा हजार

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला, की साधारण अडीच सेकंदांत त्याला तो सोडावा लागतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची चार-पाच माणसं त्याच्यावर धावून येत असतात. त्याच्याच संघातले पाच धिप्पाड गडी त्यांना थोपवून धरतात, पण फार वेळ नाही. तेवढ्यात आपला कोणता खेळाडू मोकळा सुटलाय ते हेरायचं, आणि चेंडू तो आत्ता जिथे आहे तिथे नाही, तर क्षणभराने जिथे पोचेल तिथे फेकायचा.

टॉम ब्रेडीने हे काम २००० ते २०२२ असे तेवीस हंगाम केलं. प्लेऑफ म्हणजे बाद फेरी बाजूला ठेवून फक्त नियमित हंगामातले सामने धरले, तर त्याने १२,०५० पास फेकले. आणखी ५६५ वेळा पास सुटण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला चेंडूसकट लोळवलं. याला ‘सॅक’ म्हणतात. दोन्ही मिळून १२,६१५ वेळा. प्रत्येक वेळचे अडीच सेकंद धरून गुणाकार केला, तर उत्तर येतं पावणेनऊ तास.

हिशेब ढोबळ आहे, पण अडीचऐवजी तीन सेकंद धरले तरी आकडा साडेदहा तासांच्या फारसा पुढे जात नाही. या खेळातली सर्वांत मोठी मानली जाणारी कारकीर्द एवढ्याशा वेळात घडली.

मग बाकीचा वेळ जातो कुठे? २०१० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या सामन्यांची प्रक्षेपणं घड्याळ लावून तपासली होती. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेल्या वेळात जाहिराती, रिप्ले आणि उभी असलेली माणसं. क्वार्टरबॅकसाठी मात्र खरा सामना त्या उभं राहण्यातच असतो. दोन चालींच्या मध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवरून पुढची चाल सांगतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे हा एकटा. समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचायची, ते काय लपवताहेत याचा अंदाज घ्यायचा, पटलं नाही तर ओरडून चालच बदलायची. ब्रेडी पळण्यात मंद होता, उड्या मारण्यात सुमार होता. त्याचं बळ होतं ते या पंधरा सेकंदांत.

किती मंद? ड्राफ्टआधीच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याआधीच्या, चाचणीत ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले. तेवीस हंगामांत मिळून तो स्वतः चेंडू घेऊन पळाला ११२३ यार्ड. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन २०१९ च्या एकाच हंगामात १२०६ यार्ड पळाला होता.

आता यार्डांच्या ढिगाकडे वळू. नियमित हंगामात पासचे ८९,२१४ यार्ड. प्लेऑफचे १३,४०० धरले तर १,०२,६१४ यार्ड, म्हणजे जवळपास ९३.८ किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. कळंबोलीहून निघालेला चेंडू किवळ्याच्या अलीकडे सातशे मीटरवर येऊन थांबला असता, आणि तोही शंभर यार्डांच्या मैदानात, चार प्रयत्नांत दहा यार्ड या नियमाने पुढे सरकत.

आकडा मोठा आहे, पण मला तो थोडा फसवाही वाटतो. चेंडू झेलल्यावर खेळाडू पुढे जितका पळतो, तेही सगळे यार्ड पास फेकणाऱ्याच्या खात्यावर जमा होतात. पाच यार्डांवर सोपा चेंडू द्यायचा आणि झेलणाऱ्याने आणखी साठ यार्ड धावायचं, तरी क्वार्टरबॅकचे पासष्ट. शिवाय गेल्या काही दशकांत नियम पास फेकणाऱ्याच्या बाजूने झुकत गेले, त्यामुळे यार्डांचे विक्रम तसे स्वस्त झाले आहेत. ब्रेडीच्या आधीचा ड्रू ब्रीसही ८०,३५८ यार्डांवर थांबला होता. म्हणजे तिथे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर दहा-अकरा टक्क्यांचं. विजयांचं तसं नाही. ब्रेडीचे नियमित हंगामातले विजय २५१, आणि तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खालोखाल असलेल्या पेटन मॅनिंग आणि ब्रेट फार्व्ह यांचे प्रत्येकी १८६. पासष्टचा फरक. चांगल्या संघाने वर्षाला अकरा सामने जिंकले, तरी तेवढं भरून काढायला सहा वर्षं लागतील.

हे सगळं ज्याच्या नावावर आहे, तो कुणाला नको होता. २००० च्या ड्राफ्टमध्ये २५४ खेळाडू निवडले गेले. ब्रेडीचा क्रमांक १९९ वा, सहावी फेरी. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. ओकलंडने तर पहिल्याच फेरीत सतराव्या क्रमांकावर सेबॅस्टियन जॅनिकोव्स्की हा किकर घेतला. म्हणजे ज्याचं काम चेंडूला लाथ मारण्याचं, तो ब्रेडीच्या १८२ जागा आधी. ब्रेडीचं बालपण गेलं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन मटेओमध्ये. त्याच्या गावाशेजारच्या फोर्टीनाइनर्स संघाने ६५ व्या क्रमांकावर जिओव्हानी कार्माझी निवडला. कार्माझी नियमित हंगामात एकही सामना खेळला नाही. त्या सहांपैकी नाव काढलं ते दोघांनी, चॅड पेनिंग्टन आणि मार्क बल्जर. पेनिंग्टनचे टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, १०२, बल्जरचे १२२. ब्रेडीचे ६४९.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला घेतलं तेही चौथ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून. पहिल्या हंगामात त्याने तीन पास फेकले, एक पोचला, मिळकत सहा यार्ड. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो. मार्च २००१ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला. सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्क जेट्सच्या मो लुईसने त्याला अशी धडक दिली, की त्याच्या छातीत रक्तस्राव झाला. राखीव पोरगा मैदानात उतरला आणि त्याच हंगामात, फेब्रुवारी २००२ मध्ये, सेंट लुइस रॅम्सला २०-१७ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून बसला. सट्टेबाजांनी रॅम्सना चौदा गुणांनी वरचढ धरलं होतं.

त्यानंतर प्लेऑफमधले सामने म्हणजे ब्रेडीसाठी जवळजवळ वेगळी नोकरीच झाली. बाद फेरीचे ४८ सामने तो खेळला. तेव्हा नियमित हंगाम सोळा सामन्यांचा असायचा, म्हणजे हे तीन पूर्ण हंगाम झाले, आणि तेही वर्षातल्या सर्वांत तगड्या संघांविरुद्ध. त्यांतले ३५ जिंकले. त्याच्याआधी हा विक्रम जो मोंटानाच्या नावावर होता, १६ विजयांचा. सुपर बोलची अंतिम लढत दहा वेळा, विजय सात. तो निवृत्त झाला तेव्हा बत्तीसपैकी एकाही संघाकडे सातवा चषक नव्हता; पेट्रियट्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स सहांवर होते, आणि पेट्रियट्सचे ते सहाही याच्याच हातचे.

हरलेल्या तीनही मला तितक्याच वाचनीय वाटतात. २००७ मध्ये पेट्रियट्सनी नियमित हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले, ५८९ गुण केले, ब्रेडीने ५० टचडाउन पास फेकले. अंतिम सामन्यात त्याच संघाला चौदा गुण जमले आणि न्यू यॉर्क जायंट्स १७-१४ ने जिंकले. चार वर्षांनी पुन्हा जायंट्सच. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रेडीने सुपर बोलमध्ये ५०५ यार्डांचे पास फेकले, तेव्हाचा विक्रम, आणि फिलाडेल्फिया ईगल्सनी ४१-३३ ने चषक नेला.

सगळ्यांत जास्त चर्चा होते ती त्याच्या आदल्या वर्षाची. तो हंगाम ब्रेडीसाठी सुरू झाला चार सामन्यांच्या बंदीने. चेंडूंमधली हवा नियमापेक्षा कमी ठेवल्याचं ते प्रकरण. त्यापायी संघाला दहा लाख डॉलर दंडही झाला होता. पौंड-दोन पौंडांच्या दाबावरून इतका गदारोळ दुसऱ्या कुठल्या खेळात झाला असेल, असं वाटत नाही. परत आल्यावर बारा सामन्यांत त्याने २८ टचडाउन पास दिले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले फक्त दोन. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. अटलांटा फाल्कन्स २८, पेट्रियट्स ३. तिसरं सत्र अर्ध्याहून जास्त संपलेलं. सुपर बोलमध्ये तोवर कुणी दहापेक्षा जास्त गुणांची पिछाडी भरून काढली नव्हती. इथे पंचवीस होती. पेट्रियट्सनी सलग ३१ गुण केले आणि जादा वेळेत ३४-२८ ने जिंकले. ब्रेडीचे पास ६२, पोचलेले ४३, यार्ड ४६६. त्याच रात्री ड्रेसिंग रूममधून त्याची जर्सी चोरीला गेली. पोलिसांच्या नोंदीत तिची किंमत लिहिली होती पाच लाख डॉलर. ती पुढे मेक्सिकोत सापडली.

वस्तूंच्या किमती हा या कारकिर्दीच्या खातेवहीचा एक वेगळाच भाग आहे. २४ ऑक्टोबर २०२१ ला टॅम्पा बे बकनिअर्सकडून खेळताना ब्रेडीने सहाशेवा टचडाउन पास फेकला. झेलणाऱ्या माइक एव्हन्सने सवयीने तो चेंडू प्रेक्षकांतल्या एकाला देऊन टाकला, आणि नंतर लक्षात आलं की तो कोणता चेंडू आहे. परत मागताना संघाने त्या प्रेक्षकाला जर्स्या, हेल्मेट आणि हंगामी तिकिटं दिली. ब्रेडीने वर एक बिटकॉइन दिलं. त्या वेळी एका बिटकॉइनची किंमत साठ हजार डॉलरच्या आसपास होती. पण खरी गंमत पुढच्या वर्षीची. १ फेब्रुवारी २०२२ ला ब्रेडीने निवृत्ती जाहीर केली. त्याचा ‘शेवटचा’ टचडाउन चेंडू लिलावात निघाला आणि १२ मार्चला ५,१८,६२८ डॉलरला गेला. १३ मार्चला ब्रेडीने परत खेळणार असल्याचं सांगितलं. तो सौदा पुढे रद्द झाला. खुद्द त्याचं एक जुनं सहीचं कार्ड मात्र २०२१ मध्ये ३१ लाख डॉलरला विकलं गेलं होतं.

खेळून त्याने कमावले सुमारे ३३ कोटी ३० लाख डॉलर. नियमित हंगामातल्या पासांनी भागलं तर दर पासमागे २७ हजारांहून जास्त. त्यात खाली पडलेले पासही आले, आणि ते थोडेथोडके नाहीत. १२,०५० पैकी झेलले गेले ७,७५३. उरलेले ४,२९७ वाया गेले, त्यांतले २१२ थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात. म्हणजे दर तीन पासांत एकाहून जास्त वेळा हा माणूस अपयशी ठरला, आणि पुढच्या ४० सेकंदांत पुन्हा तेच करायला उभा राहिला. फॉक्स वाहिनीशी झालेला समालोचनाचा करार, बातम्यांनुसार, दहा वर्षांचा आणि ३७ कोटी ५० लाख डॉलरचा. तेवीस वर्षं मार खाऊन जेवढं मिळालं, त्याहून जास्त बोलण्याचं.

मार खरोखरचा होता. २००८ च्या पहिल्याच सामन्यात डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले आणि अख्खा हंगाम गेला. तो आणि पहिला तीन पासांचा हंगाम वजा केला, तर तेवीस म्हणजे खरं तर एकवीसच. एनएफएलच्या खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांहूनही कमी असल्याचं सांगत आली आहे.

म्हणून माझ्या लेखी सर्वांत अचाट आकडे चाळिशीनंतरचे आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रेडी चाळीस वर्षांचा झाला. तिथून पुढे सहा हंगाम, तीन अंतिम सामने, दोन चषक. दुसरा चषक टॅम्पा बे बकनिअर्सकडून, ७ फेब्रुवारी २०२१ ला. समोर कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स, वय २५. ब्रेडीने एनएफएलमधला पहिला पास फेकला तेव्हा माहोम्स पाच वर्षांचा होता. निकाल ३१-९. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रेडी पाहुणा म्हणून पेट्रियट्सच्या मैदानावर आला, ब्रीसचा यार्डांचा विक्रम तिथे मोडला, सामना १९-१७ ने जिंकला, आणि लीगमधल्या बत्तीसही संघांना हरवून झालं. ४५ व्या वर्षी, शेवटच्या हंगामात, त्याने ७३३ पास फेकले आणि ४९० पोचवले. एका हंगामातले हे दोन्ही आकडे तोवर कुणी गाठले नव्हते. त्या वर्षी तो सॅक झाला फक्त २२ वेळा, कारण चेंडू हातात ठेवतच नव्हता. संघ मात्र आठ जिंकला, नऊ हरला.

त्याच्या कारकिर्दीत साडेचार हजार यार्डांच्या वरचे हंगाम आठ आहेत. त्यांतले चार चाळिशीनंतरचे. सहा हंगामांची बेरीज २७,६३२ यार्ड.

जो नेमथ हे अमेरिकेतलं मोठं नाव, हॉल ऑफ फेममधला क्वार्टरबॅक. तेरा हंगाम खेळून तो १९७७ मध्ये थांबला, म्हणजे ब्रेडी जन्मला त्या वर्षी. तेव्हाचा खेळ अधिक दांडगा होता आणि हंगाम चौदा सामन्यांचा, हे धरायलाच हवं. नेमथची आयुष्यभराची मिळकत २७,६६३ यार्ड, ब्रेडीच्या चाळिशीनंतरच्या खात्यापेक्षा ३१ यार्डांनी जास्त. टचडाउन पास नेमथचे १७३. चाळिशी उलटलेल्या ब्रेडीचे १९३.