दीर्घिकांची घडण (भाग ६) : ताऱ्यांनी उठवलेला वारा

थंड वायूचे ढग आकसून तारे कसे जन्मतात, ते गेल्या भागात पाहिले. तेव्हा एक प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता. ढग आकसतातच, तर दीर्घिकेतला सगळा वायू केव्हाच तारे घडवण्यात संपून का गेला नाही? नुसत्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मांडला, तर आज आहेत त्याहून कितीतरी अधिक तारे असायला हवे होते. वायूला हुसकावणारे काहीतरी आहे, आणि ते स्वतः तारेच आहेत.

हे पाहायला एम ८२ सारखी दुसरी जागा नाही. सप्तर्षीतली ही दीर्घिका १७७४ मध्ये योहान बोडे यांना शेजारच्या एम ८१ सोबत सापडली. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. मार्च-एप्रिलच्या रात्री उत्तरेकडे लहान दुर्बीण रोखली, तर ती धूसर, अरुंद रेघेसारखी दिसते, कारण तिची तबकडी आपल्याला जवळजवळ कडेने दिसते. हे आपले भाग्यच. तबकडीतून वर-खाली जे निसटते, ते त्यामुळे स्वच्छ वेगळे ओळखू येते.

१९६३ मध्ये लिंड्स आणि सँडेज यांनी हायड्रोजनच्या लाल प्रकाशात तिचे निरीक्षण केले. केंद्रातून दोन्ही बाजूंना झेपावणारे तंतू पाहून त्यांनी तिथे प्रचंड स्फोट झाला असावा, असे मांडले. पुढे कळले की स्फोट एक नव्हे, असंख्य आहेत. एम ८१ च्या ओढीने एम ८२ चा वायू मध्यभागी लोटला गेला आणि तिथे ताऱ्यांच्या जन्माला उधाण आले. त्यातले वजनदार तारे काही दशलक्ष वर्षांतच अतिनवतारा होऊन फुटतात. एकेका स्फोटाची धग विरण्याआधीच शेजारी दुसरा होतो, आणि मधला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. कोंडलेली वाफ झाकण सैल असेल तिथूनच सुटते, तसा हा वायू जाड तबकडीत न घुसता तिच्या काटकोनात वर-खाली धावतो. हाच ताऱ्यांनी उठवलेला वारा.

क्ष-किरणांत हा तप्त वायू दिसतो. त्याच्या कडेने सेकंदाला सुमारे ५००-६०० किलोमीटर वेगाने जाणारे ते लाल तंतू आहेत. मला सर्वांत विलक्षण वाटते ती धूळ. स्पिट्झर दुर्बिणीला तबकडीपासून फार दूरवर कार्बनचे असे रेणू सापडले, ज्यांच्या जातीचे रेणू गाड्यांच्या धुरातही असतात. एवढ्या धगीत ते टिकतात कसे, यावर अजून काम चालू आहे.

असा वारा पुढे कुठे जातो, ते दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणावर ठरते. लहान दीर्घिकांची पकड ढिली असते. त्यांचा वायू कायमचा निघून जातो आणि ताऱ्यांचा जन्म मंदावतो. वायूबरोबर ताऱ्यांत शिजलेला ऑक्सिजनही जातो. लहान दीर्घिकांत जड मूलद्रव्ये कमी आढळतात, त्याचे हे एक मोठे कारण. मोठ्या दीर्घिकांभोवती मात्र बराचसा वायू घुटमळतो आणि थंड होऊन पुन्हा तबकडीत उतरतो, नव्या ताऱ्यांसाठी.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासूनही वर-खाली सुमारे २५,००० प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले दोन फुगे २०१० मध्ये गॅमा किरणांत सापडले. ते ताऱ्यांनी फुगवले की केंद्रातल्या कृष्णविवराने, यावर मतभेद आहेत. कृष्णविवरही वारा उठवते. तो कसा, ते पुढच्या भागात.