मूल कोणापाशी ठेवायचं?

बारामती तालुक्यातल्या काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. पुढं डिसेंबर १९४० मध्ये बोर्डाची बैठक लागली, तेव्हा त्यांना बाळंत होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, असा तो काळ. पुणं शंभर किलोमीटरवर, आणि एसटीची पहिली गाडी धावायला अजून साडेसात वर्षं होती. शारदाबाई बाळाला घेऊन बैठकीला गेल्या. ते बाळ म्हणजे शरद पवार. ‘लोक माझे सांगाती’ या आत्मकथनात आणि भाषणांतूनही त्यांनी ही हकिगत सांगितली आहे.

आपल्याकडे ती जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण बाळाला मांडीवर घेऊन बैठक करावी लागली, हेही त्यातच आलं. तेव्हापासून आजवर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत साखर कारखाने वाढले, उजनीचं पाणी अडलं, कॉलेजं निघाली, एमआयडीसी आली. लहान लेकराची आई कामावर परत निघते तेव्हाचा पहिला प्रश्न मात्र जागचा हलला नाही. मूल कोणापाशी ठेवायचं? अशा आयांविषयी बोलताना आपण आत्मविश्वास, नवी कौशल्यं, काळाबरोबर राहणं असं पुष्कळ बोलतो. मागं वळून पाहिलं तर दिसतं ते साधं आहे. या भागातल्या बायका कामावर परतल्या त्या मूल सांभाळायला कुणी मिळालं म्हणून, आणि घरी थांबल्या त्या कुणी मिळालं नाही म्हणून.

शारदाबाई पुण्याच्या सेवासदनात शिकलेल्या. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी १९०९ मध्ये काढलेली ही संस्था; शिक्षिका, नर्स, सुईण अशी कितीतरी बायकांची पोटापाण्याची वाट तिथून निघाली. त्या पिढीत सार्वजनिक कामात नाव झालेल्या बायका आठवून पाहाव्यात. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघ बालविधवा. त्यांच्या गुरू ताराबाई मोडक यांना मुलगी होती, पण संसार मोडलेला. बेने इस्रायल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, त्या अविवाहित. त्यांच्या कर्तबगारीत यानं तसूभर उणं येत नाही. पण कामाला वाहून घ्यायचं तर पाळणा हलता नसलेला बरा, हा त्या काळाचा अलिखित नियमच दिसतो. अकरा मुलं वाढवून लोकल बोर्डाचं काम करणाऱ्या शारदाबाई त्या नियमाला अपवाद होत्या, आणि अपवादावर तालुका चालत नाही.

तालुका रोजगारावर चालतो. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा या जिरायती पट्ट्यातल्या हजारो बायका खडी फोडायला, माती उपसायला उतरल्या. कडेवरचं पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत आणि आई उन्हात, हे चित्र त्या वेळच्या कुठल्याही दुष्काळी कामावर दिसे. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, पुढं तिचा कायदा झाला. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. कलम चांगलं होतं. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, असं सरकारनं कागदावर कबूल केल्याची उदाहरणं फार थोडी. त्यातलं हे एक. सावलीची ताडपत्री आणि पाण्याचा माठ प्रत्यक्ष कामावर किती ठिकाणी दिसला, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात विचारून पाहावं.

खरा फरक पडला तो अंगणवाडीनं. ताराबाई आणि अनुताईंनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पसरत पसरत वाडीवस्तीवर पोहोचली. मुलांचं पोषण, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण हे तिचे हेतू. आईला कामावर जाता यावं हा हेतू त्यात नव्हता, आणि ती उणीव अजून जाचते. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तासांपुरती बसतात. दीड वर्षाच्या लेकराला तिथं जागा नाही, त्याच्या नावचा आहार तेवढा घरी मिळतो. गोठ्यात दोन गाई असलेली बाई या तासांत भागवते. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला जाणारीचं त्यात भागत नाही.

तरीही अंगणवाडीनं गावातल्या बायकांसाठी एक मोठं काम केलं, ते बहुधा कुणी ठरवून केलेलं नव्हतं. सेविका त्याच गावची रहिवासी असली पाहिजे, ही अट. त्यामुळं बारावी होऊन लग्न झालेल्या, एक-दोन लेकरं झालेल्या सुनांना घरापासून चालत जाता येईल असं काम मिळालं. पोर लहान असेल तर ते सोबतच येतं आणि इतरांबरोबर बसतं. सकाळी कुलूप काढायचं, सतरंजी अंथरायची, वजनकाट्यावर एकेकाला उभं करायचं, गरोदर बाईच्या घरी चक्कर मारायची, आणि २०२१ पासून हे सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. गावातल्या प्रत्येक घराची खडान्‌खडा माहिती असलेली ही बाई सरकारी भाषेत मात्र ‘मानधनी’. २०२३ मध्ये सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५००. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. आणि ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या सेविका-मदतनिसांनी दीड महिन्याहून अधिक काळ संप केला. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला आपण काय किंमत देतो, याचा हिशेब या आकड्यांत आहे.

१९९३-९४ ही वर्षं या मागोव्यात ठळक लिहायला हवीत. ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. पुढं राज्यानं त्या निम्म्यावर नेल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं देशातलं पहिलं राज्य महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आलं. मुख्यमंत्री होते शरद पवार, म्हणजे लोकल बोर्डाच्या बैठकीला गेलेलं तेच बाळ. सरपंचबाई तान्ह्या पोराला घेऊन ग्रामसभेला बसल्याचं त्यानंतर या दोन तालुक्यांना अप्रूप उरलं नाही. (नवरा शेजारच्या खुर्चीत बसतो, ते वेगळं.) जागा राखल्या गेल्या, हे मोठं काम झालं. वेळ मात्र कुणी राखून ठेवला नाही.

बारामती एमआयडीसीतल्या गाड्यांच्या, लोखंडाच्या कारखान्यांत बाई विरळाच. टेक्स्टाइल पार्कमधल्या शिलाई मशिनींवर मात्र बहुतेक बायकाच बसल्या, आणि २०११ मध्ये आलेल्या फेरेरोच्या चॉकलेट कारखान्यानंही बायकांना मोठ्या संख्येनं घेतलं. गावोगावी कंपनीची बस फिरू लागली. पहाटे साडेपाचला चौकात डबा आणि पर्स घेऊन उभ्या असलेल्या बायका हे बारामतीच्या आसपासचं नेहमीचं दृश्य झालं. त्यातल्या कुणालाही विचारा, मूल कुठं आहे? उत्तर ठरलेलं: “सासूबाईंपाशी.” सासू नसेल, तर “आईकडं ठेवलंय.” म्हणजे सोमवार ते शनिवार आजोळी आणि रविवारी आईच्या कुशीत. या भागाचं सगळं औद्योगिक गणित आजीच्या गुडघ्यांवर उभं आहे, आणि त्या आजीचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही.

कायदा काही मुका नव्हता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणं तीसहून जास्त महिला कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं होतं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला, पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास आणि त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जायची मुभा आली. फेरेरोनं बारामतीत बालवाडी उभारली, हे नोंदवायला हवं. पण एवढी रजा आणि वर पाळणाघर हा खर्च सगळा मालकाच्या माथी टाकल्यानं काही ठिकाणी नव्या लग्नाच्या मुलीला घेतानाच हात आखडतात. मुलाखतीत “पुढचं काय प्लॅनिंग?” हा प्रश्न कुठल्या अर्थानं विचारला जातो, ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि उत्तर देणारीलाही.

शिकलेल्या बाईची गोष्ट थोडी निराळी. बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज १९६२ चं, विद्या प्रतिष्ठान १९७२ चं; पुढं शारदानगरला मुलींच्या शिक्षणाची मोठी वसाहत उभी राहिली. या गावांनी एमएस्सी, बीएड, बीई झालेल्या मुली शेकड्यांनी तयार केल्या. जिल्हा परिषदेत शिक्षिका झालेली त्यातल्या त्यात सुखी. तिला १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, २०१८ पासून आणखी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि ‘पती-पत्नी एकत्रीकरणा’त बदली मागता येते. परत यायला तिची खुर्ची जागेवर असते. खासगी संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवणारीला यातलं काही नाही. ती बाळंतपणाला गेली की तिचे तास दुसऱ्या बाईला जातात, आणि तीन वर्षांनी ती परत आली की नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, आणि आधीचा अनुभव सांगताना मधल्या वर्षांचा खुलासा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून घरी राहिलेल्या बायकांना शिक्षण पुरं करण्याची वाट दिली, बचतगटांनी हातात चार पैसे दिले, पुण्यातल्या भीमथडी जत्रेनं चटण्या-मसाले-गोधड्यांना गिऱ्हाईक दिलं. ही सगळी कामं मूल मांडीवर ठेवून करता येतात म्हणूनच बायकांना मिळाली. एमएस्सी झालेल्या बाईनं लोणचं घालावं, यात कमीपणा काही नाही. पण तिला दुसरं काही करता येईना म्हणून तिनं ते घातलं असेल, तर त्याला उद्योजकता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ऊसतोडीकडं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा: इतके कारखाने एवढ्याशा पट्ट्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला की बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या येतात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई घरी बसली तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. त्यामुळं फडातच बाळंत झालेली बाई काही दिवसांत मोळ्या बांधायला उभी राहते. तान्हं फडाच्या कडेला गोधडीवर, आणि त्याच्याजवळ त्याची सहा-सात वर्षांची बहीण. म्हणजे एका लेकराच्या सांभाळापायी दुसऱ्याची शाळा जाते. ही बाई कारखान्याची कामगार नाही, मुकादमाची. म्हणून कायद्यातलं पाळणाघर तिच्यासाठी नाही, २६ आठवड्यांची रजा तिच्यासाठी नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे आकडे आले, ते तेरा हजारांच्या वर होते. पाळीचा आणि बाळंतपणाचा खाडा ज्या व्यवस्थेत परवडत नाही, तिनं शेवटी हे केलं. दोन तालुक्यांची साखर ज्यांच्या हातांनी तोडलेल्या उसाची, त्यांच्याविषयीचं हे वाक्य गोड करून लिहिता येत नाही.

इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वसाहतींनी एकेकाळी दुसरं टोक गाठलं होतं. मुलं रात्रीही बालघरातच झोपायची आणि आया निर्धास्त कामाला जायच्या. ते आयांनाच सोसलं नाही आणि काही दशकांत बंद पडलं. आपल्याला तितकं लांब जायची गरज नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आता केली आहे. इमारत आहे, सेविका आहे, गावाचा तिच्यावर विश्वास आहे. वेळ वाढवायचा आणि त्या वाढीव वेळेचा पगार द्यायचा, एवढंच उरतं. हंगामाचे पाच महिने कारखान्यांनी कोप्यांशेजारी हीच सोय उभी केली, तर टनामागं येणारा खर्च पाहून कुणाचं दिवाळं निघणार नाही.

आणि एक अट तेवढी लगेच बदलावी. अंगणवाडी सेविकेसाठी अर्ज करायची कमाल वयोमर्यादा ३५ आहे, विधवांसाठी ४०. तिसाव्या वर्षी धाकटं झालेल्या बाईचं मूल पहिलीत जातं तेव्हा ती छत्तिशीत असते.