सेंट मेरी बेटावरचा एक तास

मूडबिद्री, कारकळ, वेणूर ही यात्रा आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांनी एकदा तरी केलेली असते. बस्तीचे दर्शन, बाहुबली भगवंतांच्या चरणी मस्तक, मग धर्मस्थळ, आणि परत. कारकळहून उडुपी अवघे चाळीस किलोमीटर, उडुपीपासून मलपे बंदर आणखी पाच-सहा किलोमीटर आणि त्या बंदरासमोर समुद्रात सेंट मेरी नावाचा लहानसा द्वीपसमूह आहे, हे मलाही बँकेतील नोकरीची छत्तीस वर्षे संपेपर्यंत ठाऊक नव्हते. गेल्या माघात आम्ही तेथे गेलो. बेटावर एकूण एकच तास मिळाला. त्या तासाविषयी लिहितो आहे.

आमच्याबरोबर माझे थोरले बंधू होते, हे आधी सांगावे लागेल. दादांचे वय चौऱ्याहत्तर. वडील गेले तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादांनी शिक्षण सोडून गुळाचे अडत दुकान हाती घेतले आणि मला मात्र एम.कॉम.पर्यंत शिकविले. बावन्न वर्षे ते त्या गादीवर बसले. बँकेच्या प्रवास सवलतीवर मी सहकुटुंब काश्मीर, दार्जिलिंग, कन्याकुमारी पाहून आलो. दर वेळी दादा स्टेशनवर चिवड्याचा डबा घेऊन निरोप द्यायला येत आणि गाडी सुटण्याआधीच सौद्याची वेळ झाली म्हणून परत फिरत. दोन्ही पुतणे पुण्यात नोकरीला लागले. गेल्या दिवाळीत वहीपूजन झाले ते शेवटचे. पाडव्यानंतर दुकान दुसऱ्यांच्या हाती गेले. त्यानंतर दादा घरात फारसे बोलत नसत. यात्रेला ते आले ते वहिनींच्या आग्रहाखातर, आणि बेटाचे नाव काढताच म्हणाले, “एका तासासाठी समुद्र ओलांडायचा? तुम्ही जाऊन या. मी बंदरावर बसतो.”

बंदरावर त्यांना एकटे बसू द्यायला त्यांची नात तयार नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीपुढे दादांचा नकार टिकत नाही.

मलपे हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. तेथील वास आपल्या लोकांना सहन होणारा नाही. नाकाला रुमाल लावून दहा मिनिटे काढावी लागतात आणि ती काढायची तयारी ठेवूनच जावे. होडी सुटल्यावर वारा लागतो आणि सारे विसरायला होते. अंतर सुमारे सहा किलोमीटर, वेळ अर्धा तास. बेटाजवळ पाणी उथळ असल्याने मोठ्या होडीतून लहान होडीत उतरावे लागले. गुडघेदुखीच्या माणसांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्या सौभाग्यवतींना दोघांनी हात धरून उतरविले, आणि त्या उतरल्या त्या डोळे मिटूनच. पावसाळ्यात होड्या पूर्णपणे बंद असतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंतच हा प्रवास घडतो, आणि त्यातही सकाळची वेळ बरी, कारण बेटावर नारळाची झाडे असली तरी खडकांवर सावली अशी नाही.

आमच्याबरोबर उडुपीचा एक तरुण वाटाड्या होता. घरची भाषा तुळू, आमच्याशी हिंदी. दादा मात्र त्याच्याशी पहिल्या मिनिटापासून कन्नडमध्ये बोलू लागले. सीमाभागात अडत करणाऱ्या माणसाला कन्नड यावीच लागते. त्यामुळे मला जे हिंदीत दोन वाक्यांत मिळत होते ते दादांना कन्नडमध्ये दहा वाक्यांत मिळू लागले, आणि मी वारंवार “काय म्हणाला?” असे विचारू लागलो. घरी कधी असे होत नाही.

बेटे चार आहेत. प्रवासी उतरतात ते नारळ बेटावर. लांबी सुमारे अर्धा किलोमीटर, रुंदी त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी. पांढरी वाळू थोडीच. बाकी सारे दगडी खांब. कोणी कारागिराने घडवून, मोजून, शेजारी शेजारी रचून ठेवावेत तसे खांब! काही उभे, काही कललेले, काही पाण्यात अर्धे बुडालेले, आणि बहुतेकांचा माथा षट्‌कोनी. आदल्याच दिवशी आम्ही मूडबिद्रीची हजार खांबांची बस्ती पाहिली होती. इ. स. १४३० मधील ते काम, आणि तेथील एका खांबाचे नक्षीकाम दुसऱ्यासारखे नाही असे सांगतात. नात लगेच म्हणाली, “आजोबा, इथेपण बस्ती होती का?”

नव्हती. हे खांब कोणी घडविलेले नाहीत. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर ही भूमी एकमेकींपासून विलग होत असताना जो लाव्हा बाहेर पडला, त्याचा हा दगड. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो. तो सगळीकडून सारखा निवला तर भेगा एकमेकींना ठराविक कोनात मिळतात आणि वरून खाली उतरत जातात. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळून त्याला चौकटी पडतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त खोलवर गेलेला. आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण याहून सुमारे दोन कोटी वर्षांनी धाकटा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे, तेथेही असेच खांब उभे आहेत. पण तेथे चहूबाजूंनी इमारती आणि येथे चहूबाजूंनी पाणी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

हे सारे मी घरून वाचून गेलो होतो आणि नातीला ऐटीत समजावीत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा दादा म्हणाले, “गुळाचा रवा बघितलास ना? काहिलीतून ओतला की कडेने आधी धरतो, मध्ये मऊच राहतो. घाईने निवला की तडे जातात. हे तसेच. फक्त ओतणारा कोणी नव्हता.” तिला कळले. खरे सांगायचे तर मलाही तेव्हाच नीट कळले.

वाटाड्याने पुढे वास्को द गामाची हकीकत सांगितली. कोळिकोडला पोहोचण्यापूर्वी तो येथे उतरला आणि त्याने मेरीमातेच्या नावाचा स्तंभ रोवला, त्यावरून बेटाला हे नाव, असे तो म्हणाला. इकडे असेच सांगतात. पोर्तुगीज जहाजावरील रोजनिशीचा आधार घेतला तर क्रम उलटा दिसतो. १४९८ च्या मे महिन्यात तो कोळिकोडजवळ पोहोचला, ऑगस्टअखेर तेथून निघाला, आणि उत्तरेकडे परतताना सप्टेंबरमध्ये एका बेटावर सांता मारिया नावाचा स्तंभ उभारला. हिशेब तपासण्याची सवय जात नाही म्हणून हे लिहिले. वाटाड्याला मी तेथे काही बोललो नाही.

दादांनी मात्र त्याला एक प्रश्न विचारला, “तो आला कशाला होता?”

“मिरी घ्यायला, आणि मसाले.”

“माल घ्यायला आलेल्याने खांब कशाला रोवायचा? माल घ्यावा, पैसे चुकते करावेत, आणि जावे.”

वाटाड्या हसला. मूडबिद्रीच्या बस्त्यांमागे ज्या व्यापारी महाजनांचा पैसा उभा होता, तेही याच किनाऱ्याच्या व्यापारावर मोठे झाले होते. पोर्तुगीज येण्याच्या अडुसष्ट वर्षे आधीच ती हजार खांबांची बस्ती उभी राहिली होती. हा मुद्दा मी दादांच्या कानावर घातला. त्यांनी मान डोलावली आणि खांबाच्या माथ्यावरून हात फिरविला.

या बेटावर शंखशिंपल्यांचा खच असतो. नातीने फ्रॉकचा ओचा करून दोन्ही मुठींनी ते भरायला सुरुवात केली. दादांनी तिला थांबविले नाही. त्यांनी नुसते म्हटले, “आधी आत कोणी राहते आहे का बघ. रिकामे घर असेल तर घे.” तिने एक शंख तळहातावर ठेवला आणि आम्ही सारे वाकून पाहत राहिलो. काही होईना. ती कंटाळून तो ओच्यात टाकणार तोच त्यातून दोन केसांएवढ्या नांग्या बाहेर आल्या. शंखातला खेकडा! हा जीव स्वतःचे कवच बनवीत नाही. मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरून राहतो, आणि अंग वाढले की मोठा शंख शोधतो. रिकामे दिसणारे शंख लोक पिशव्या भरभरून नेतात तेव्हा याची घरे जातात, हे वाटाड्याकडून कळले. मग ओच्यातला एकेक शंख खडकावर मांडून तपासणी सुरू झाली. अकरापैकी चार भरलेले निघाले. ते चार पाण्याच्या कडेला गेले आणि उरलेले सातही, थोड्या रुसव्यानंतर, तेथेच राहिले.

या उद्योगात वेळ कसा गेला ते समजले नाही. परतीच्या होडीची शिट्टी झाली. मोजणी केली तर दादा नाहीत.

खडक ओले आणि शेवाळलेले होते, भरतीचे पाणी चढत होते. येथे खडकांवरून घसरून माणसे पाण्यात गेली आहेत हे वाटाड्याने आल्या आल्याच बजावले होते. वहिनींनी हाक मारली, वाऱ्यात ती विरून गेली. सुरक्षारक्षक एका बाजूला धावला, वाटाड्या दुसऱ्या. मी पश्चिमेकडे निघालो. बूट घसरत होते. चप्पल-बूट ऐवजी पट्ट्याची, पकड असलेली पादत्राणे घालावीत हा सल्ला मी वाचला होता आणि पाळला नव्हता. त्या पाच-सात मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेले ते येथे लिहीत नाही. एवढेच लिहितो की त्यांना आग्रह करून होडीत बसविणाऱ्यांत मीही होतो.

दादा एका आडव्या खांबावर बसले होते. पाण्यापासून पुरेसे वर, कोरड्या जागी. धोतराचा सोगा नीट खोचलेला. समोर थेट अरबी समुद्र. मी धापा टाकीत जवळ गेलो आणि रागावलो. थोरल्या भावावर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढविला. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “बावन्न वर्षे बसलो, पण समोर रस्ता, गाड्या, माणसे. इथे समोर कोणीच यायचे नाही. जरा बसून बघितले.”

मी त्यांच्याशेजारी बसलो. दुसरी शिट्टी झाली. “तुम्ही माझ्याबरोबर काश्मीरला यायला हवे होते, दादा,” मी म्हटले. तीस-पस्तीस वर्षे हे वाक्य माझ्याजवळ पडून होते.

“कोणी विचारले होते?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. विचारले नव्हते हे खरेच होते. दुकान बंद ठेवता येणार नाही असे मी गृहीत धरले होते, आणि तेही तसेच धरून असतील असेही.

तिसऱ्या शिट्टीला आम्ही उठलो. या वेळी हात धरावा लागला तो मला, आणि धरला दादांनी. होडीतील लोक खोळंबले होते. आम्ही सर्वांची क्षमा मागितली. वहिनींनी बंदर येईपर्यंत दादांशी अबोला धरला. सूर्यास्तापूर्वीचे जेवण उडुपीत वेळेत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकळ. वीर पांड्याने १४३२ मध्ये प्रतिष्ठापना केलेली, सुमारे बेचाळीस फुटांची बाहुबलींची अखंड मूर्ती टेकडीच्या माथ्यावर आहे. दादा निम्म्या पायऱ्यांवर थांबले, खडकाला हात लावला आणि विचारले, “हाही लाव्ह्याचाच का?” मी म्हटले, हा ग्रॅनाइट, बेटाच्या दगडाहून कितीतरी जुना, आणि जमिनीच्या पोटात खोल, फार सावकाश निवालेला. “म्हणून तडा नाही,” ते म्हणाले, आणि नातीचा हात धरून पुढच्या पायऱ्या चढू लागले.