नवीन राउटर लावून माणूस निघून गेला, नेटही सुरू झालं... पण महत्त्वाची सेटिंग अजून बाकी आहे!

घरात नवीन फायबर कनेक्शन येतं तेव्हाचं दृश्य सगळीकडे सारखंच असतं. एक मुलगा पाठीवर सॅक अडकवून येतो, खिडकीतून वायर आत घेतो, भिंतीवर डबा ठोकतो, त्याच्याच मोबाईलवर काहीतरी खटाखट टाइप करतो आणि विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" घरातलं कुणीतरी सांगतं, "मोबाईल नंबरच ठेव, लक्षात राहतो." दहाव्या मिनिटाला यूट्यूब सुरू, सगळे खुश. त्यानंतर तो राउटर बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आता एक जुनी गोष्ट आठवा. २६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल आला होता. तपास यंत्रणांनी माग काढला, तेव्हा तो निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या इंटरनेट कनेक्शनचा! तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची एटीएसने कसून चौकशी केली, कॉम्प्युटर ताब्यात घेतले. शेवटी समोर आलं ते असं, की त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफायही असंच वापरलं गेलं. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या, त्या याच पार्श्वभूमीवर.

थोडक्यात, तुमच्या राउटरमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर कनेक्शन म्हणून तुमचं नाव असतं. म्हणून ही सुरुवातीची सेटिंग एकदा स्वतः करायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि त्याला इंजिनीअर असावं लागत नाही.

सुरुवात दिव्यांपासून करू. राउटर चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं त्याला काही करू नका, तो स्वतःशीच जुळवाजुळव करत असतो. फायबरच्या डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा झाला, म्हणजे कंपनीकडून येणारी लाइन पोहोचली. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाश आत येतच नाहीये. फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू, त्यातून प्रकाश वाहतो. दाराच्या फटीत वायर चेपली किंवा कपाटामागे काटकोनात दुमडली की तो प्रकाश वाटेतच गळतो. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, वायर बघा. फक्त तिचं सुटलेलं टोक डोळ्यासमोर धरून आत डोकावू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

काही घरांत दोन डबे असतात, एक कंपनीचा आणि एक तुम्ही बाजारातून आणलेला राउटर. कंपनीच्या डब्यातून निघणारी वायर तुमच्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या खाचेत गेली पाहिजे. ही खाच बहुतेक वेळा वेगळ्या रंगाची असते. नेट येत नाही म्हणून होणाऱ्या निम्म्या तक्रारी, आमच्या अनुभवात तरी, इथेच मिटतात.

आता राउटरच्या आत शिरायचं. राउटर उलटा करा, खाली स्टिकर असतो. त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि एक पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मोबाईल वायफायला जोडा आणि हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका, आकडे इंग्रजीत. मोबाईल डेटा आधी बंद करा. वायफायवर अजून नेट नसेल तर फोन गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो आणि मग ते पान उघडता उघडत नाही. ब्राउझरने 'सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर दचकू नका, तुम्ही घरातल्याच डब्याशी बोलताय. उघडलेलं पान युजरनेम आणि पासवर्ड विचारेल.

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा या सेटिंगच्या पानाचा, जो बऱ्याच जुन्या राउटरवर 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन' असाच असतो. पहिला म्हणजे घराचं दार, दुसरा म्हणजे तिजोरीची चावी. लोक दार बदलतात आणि तिजोरी उघडीच ठेवतात.

त्याचे परिणाम जगाने पाहिलेत. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट्स तासन् तास अडखळल्या. त्यामागे 'मिराई' नावाचं मालवेअर होतं. त्याच्याकडे कंपनीतून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, बस्स! ती यादी लावून त्याने लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडूनच हल्ला करवला.

त्याआधी ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेम हॅक झाले होते. तिथे मोडेमच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन हॅकर्सनी डीएनएस बदललं. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, साइटचं नाव दिलं की तिचा नंबर सांगणारी. डिरेक्टरीच खोटी असेल तर तुम्ही बँकेचं नाव अचूक टाइप करता आणि पोहोचता भलत्याच पानावर. मोबाईल, लॅपटॉप कितीही चांगला असो, गडबड राउटरमध्ये असते.

म्हणून आत शिरल्यावर पहिलं काम, ॲडमिन पासवर्ड बदला. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये तुम्हाला मर्यादित लॉगिन मिळतं, मुख्य चावी कंपनीकडे असते. तरी तुमच्या हातातला पासवर्ड बदला. दुसरं, 'फर्मवेअर अपडेट' किंवा 'सॉफ्टवेअर अपग्रेड' असा पर्याय शोधून नवीन आवृत्ती आहे का बघा. अपडेट चालू असताना लाईट जाऊ देऊ नका, राउटर कायमचा आडवा होऊ शकतो. लोडशेडिंगच्या गावात हे काम वेळ बघूनच करा.

मग वायफायचा पासवर्ड. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' निवडा. मोबाईल नंबर मात्र ठेवू नका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो सगळ्यांकडे आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे भारतातले मोबाईल नंबर ६ ते ९ या आकड्यांनीच सुरू होतात, म्हणजे शक्यता जेमतेम ४०० कोटी. तुमचा फोन वायफायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण कुणी बाहेरून पकडली, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतो. काही तासांत खेळ खल्लास. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, रोमन लिपीत. कढीपत्ता, सायकल, तेरा, मांजर. आजीलाही सांगता येतो आणि यंत्राला सापडत नाही. (हाच ठेवू नका, आता तो सगळ्यांना माहीत झाला!)

वायफायच्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव नको. 'पाटील ३०२' असं नाव म्हणजे कुणाचं नेट आहे याची पाटीच.

'डब्ल्यूपीएस' बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडणारी ही सोय आहे, पण त्या पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते हे २०११ मध्येच उघड झालं. त्यामुळे कोट्यवधी ऐवजी सुमारे ११ हजार प्रयत्नांत पिन सापडते. 'रिमोट मॅनेजमेंट' सुरू असेल तर तेही बंद, घराबाहेरून कुणी तुमचा राउटर उघडायची गरज काय? 'गेस्ट नेटवर्क' मात्र चालू करा. पाहुणे, सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब सगळं त्यावर.

दोन वायफाय का दिसतात, हा हमखास प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लांब जातं, भिंतीही बऱ्यापैकी पार करतं, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतं. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा. बरेच स्मार्ट बल्ब आणि स्वस्तातले कॅमेरे फक्त २.४ ओळखतात, त्यामुळे ते जोडले जात नसतील तर आधी हे तपासा.

आणि रिसेटचं ते बारीक छिद्र. पासवर्ड विसरलात तर टाचणी घालून साधारण दहा सेकंद दाबा, राउटर कोरा होतो. पण अगदी कोरा! बऱ्याच कनेक्शनमध्ये राउटरच्या आत कंपनीने दिलेला वेगळा युजर आयडी आणि पासवर्ड भरलेला असतो, सेटिंगमध्ये 'पीपीपीओई' नावाने दिसतो. तोही पुसला जातो आणि रविवारी संध्याकाळी कस्टमर केअरची धून ऐकत बसावं लागतं. म्हणून तो मुलगा सॅक उचलून निघायच्या आत त्याच्याकडून हे दोन्ही मागून घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद मीटरच्या बिलांसोबत ठेवा.