मांस खारवणे व वाळवणे : चान्या, चोरिस आणि पुण्यातील घरगुती सलामी

सारांश

मीठ, आम्ल, धूर आणि वारा यांच्या साहाय्याने मांस टिकविण्याच्या पद्धती जगभर आढळतात. मराठवाड्यातील चान्या, गोव्यातील चोरिस आणि इटलीतील सलामी ही त्यांचीच तीन रूपे होत. पहिल्या दोन पद्धतींत अखेरची पायरी चुलीवर पार पडते. सलामी मात्र न शिजवता खाल्ली जाते. त्यामुळे चुलीचे काम मीठ, आम्लता, नायट्राइट, तापमान आणि आर्द्रता यांच्या मोजून केलेल्या नियंत्रणावर सोपवावे लागते. पुण्याच्या हवामानात हे नियंत्रण निसर्गतः मिळत नाही. या दृष्टीने घरगुती सलामीच्या सुरक्षिततेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : खारवलेले मांस, जलक्रियाशीलता, सामू, नायट्राइट, किण्वन, चान्या, चोरिस, सलामी.

१. प्रस्तावना

वाळवण हा मराठी घराच्या वार्षिक व्यवहाराचा जुना भाग आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर पसरलेल्या कुरडया, पापड व सांडगे आणि कोकण किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर सुकणारे बोंबील यांमागचे तत्त्व एकच आहे : अन्नातील पाणी काढून घेतले की ते टिकते. या परिचयामुळेच मांस वाळविणे हेही सोपे काम आहे, असा समज सहज होतो. पुण्याच्या लष्कर भागामुळे सलामी, हॅम यांसारखे पदार्थ शहराला अपरिचित नाहीत. हॉटेल व्यवस्थापन व अन्नतंत्रज्ञान या शाखांच्या विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना ते घरी करून पाहण्याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सांडगा बिघडला तर टाकून देता येतो. बिघडलेली सलामी दिसायला, वासाला आणि चवीलाही उत्तम असू शकते. धोका येथेच आहे.

'बोटुलिझम' या घातक विषबाधेचे नावच मुळी 'सॉसेज' या अर्थाच्या 'बोटुलस' या लॅटिन शब्दावरून पडले आहे. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचे पद्धतशीर वर्णन युस्टिनुस केर्नर या वैद्यकाने १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. बेल्जियममधील एलेझेल या गावी १८९५ मध्ये खारवलेल्या हॅममुळे झालेल्या विषबाधेच्या तपासातून एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांनी या रोगाचा कारक जिवाणू वेगळा केला. तोच आज क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम म्हणून ओळखला जातो. मांस खारवण्याच्या शास्त्राचा इतिहास असा अपघातांतून घडलेला आहे.

२. मांस कशामुळे टिकते?

ताज्या मांसात पाणी विपुल असते. मात्र जिवाणूंच्या वाढीच्या दृष्टीने पाण्याचे एकूण प्रमाण तितकेसे महत्त्वाचे नसते; त्यांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, हे महत्त्वाचे असते. हे मोकळेपण 'जलक्रियाशीलता' या संज्ञेने ० ते १ या मापावर व्यक्त करतात. ताज्या मांसाची जलक्रियाशीलता सुमारे ०.९९ असते. बोटुलिनमचे अधिक चिवट प्रकार सुमारे ०.९४ च्या खाली वाढत नाहीत. लिस्टेरिया सुमारे ०.९२ पर्यंत तग धरून वाढतो, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस अनुकूल स्थितीत ०.८६ च्याही थोडा खाली वाढू शकतो. दुसरा अडथळा आम्लतेचा होय. सामू ४.६ च्या खाली गेला की बोटुलिनमची वाढ थांबते. तिसरा अडथळा तापमानाचा, चौथा नायट्राइटचा. यांपैकी एकटा कोणताही अडथळा क्वचितच पुरेसा ठरतो. एकामागे एक उभे केलेले अनेक अडथळे जिवाणूंना रोखतात.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. मांस व चरबी यांच्या एक किलो मिश्रणात सुमारे ६०० ग्रॅम पाणी आहे आणि त्यात २८ ग्रॅम मीठ घातले आहे, असे समजू. प्रारंभी त्या पाण्यातील मिठाचे प्रमाण जेमतेम ४.५ टक्के भरते. बोटुलिनमला रोखण्यास सुमारे १० टक्के लागते. मिश्रण वाळून त्यातील ३५० ग्रॅम पाणी उडून गेले की उरलेल्या २५० ग्रॅम पाण्यात तेच २८ ग्रॅम मीठ राहते आणि प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचते. याचा अर्थ असा, की पहिले काही आठवडे मीठ एकटे संरक्षण देऊ शकत नाही. त्या काळात आम्लता, नायट्राइट आणि थंडावा यांनीच गड राखावयाचा असतो.

३. चान्या : पातळ पट्टी आणि कडक ऊन

मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीत मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या करून त्या दोरीवर उन्हात वाळविण्याची पद्धत होती. या सुक्या मांसाला 'चान्या' म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात या खाद्यपरंपरेची नोंद केली आहे. शास्त्रीय दृष्टीने पाहता पट्टी पातळ असल्याने ओलावा आत अडकून राहत नाही, उन्हाळ्यातील कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि खाण्यापूर्वी चान्या निखाऱ्यावर भाजल्या किंवा कालवणात शिजविल्या जातात.

या पद्धतीला एक सामाजिक पार्श्वभूमी आहे. जातिव्यवस्थेने मृत जनावरांची विल्हेवाट ज्यांच्यावर लादली, त्यांच्या वाट्याला ते मांस आले आणि एकाच वेळी मिळालेले पुष्कळ मांस टिकविणे ही गरज ठरली. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे स्वाभिमानाची भूमिका होती. आरोग्याच्या अंगानेही ती बाजू बळकट आहे. कारण जनावर कोणत्या रोगाने दगावले हे ठाऊक नसते आणि काळपुळी रोगाचे बीजाणू मिठाने वा उन्हाने मरत नाहीत. सदोष मांस कोणत्याही प्रक्रियेने निर्दोष होत नाही, हा धडा सलामीलाही लागू आहे.

४. चोरिस : शिरका, मिरची, धूर आणि पाव

गोव्यातील चोरिस हे पोर्तुगीज 'शोरिसू'चे स्थानिक रूप आहे. डुकराच्या मांसाचे तुकडे प्रथम जाड्या मिठात घालून वजनाखाली दाबतात व त्यातील पाणी निथळू देतात. नंतर माडाच्या सुरेपासून केलेला शिरका, सुकी लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी आदींचे वाटण लावून मांस मुरवितात. ते आतड्यात भरून दोऱ्याने मण्यांसारख्या लहान गाठी बांधतात आणि या माळा उन्हात व चुलीवरील धुरात टांगतात. पावसाळ्यापूर्वी घरात साठवावयाच्या बेगमीला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. चोरिस हा या बेगमीतील मानाचा जिन्नस होय.

सलामीत आम्ल जिवाणूंच्या किण्वनातून सावकाश तयार होते. चोरिसमध्ये ते शिरक्याच्या रूपाने पहिल्याच दिवशी येते. उष्ण व दमट किनारपट्टीवर किण्वनाची वाट पाहणे परवडणारे नव्हते. येथील लोकांनी यावर काढलेला तोडगा अचूक आहे. लहान गाठीमुळे वाळणे लवकर होते आणि धूर पृष्ठभागाचे रक्षण करतो. अखेरीस चोरिस पावासोबत असो वा पुलावात, शिजवूनच खाल्ले जाते. पुण्यात आणलेले चोरिस ओलसर असेल तर ते कच्चे मांसच मानून शीतकपाटात ठेवावे आणि मध्यभाग ७१ अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत शिजवावे.

५. सलामीचे वेगळेपण

सलामीला चूल नाही. त्यामुळे कच्च्या मांसातील प्रत्येक धोका प्रक्रियेतच निकाली काढावा लागतो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया राज्यांत किण्वित सुक्या सलामीतून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची साथ पसरली. १९९५ च्या प्रारंभी दक्षिण ऑस्ट्रेलियात मेटवुर्स्ट या न शिजविलेल्या किण्वित सॉसेजमुळे अनेक मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली व एका बालिकेचा मृत्यू झाला. ही उत्पादने व्यावसायिक होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

डुकराच्या मांसाबाबत भारतात आणखी एक प्रश्न उद्भवतो, तो पट्टकृमीचा. कृमीच्या अळ्या असलेले मांस कच्चे खाल्ल्यास आतड्यात पट्टकृमी वाढतो. अशा व्यक्तीच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ हातांवाटे अन्नात गेली, तर त्या घरातील मांस न खाणाऱ्यांच्याही मेंदूत गाठी होऊन अपस्माराचे झटके येऊ शकतात. एकाच्या हौसेची किंमत अशा रीतीने दुसऱ्यास मोजावी लागते.

६. पुण्याचे हवामान

सलामी वाळण्यासाठी १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान व ७५ ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता काही आठवडे सलग लागते. उत्तर इटलीतील तळघरात थंडीच्या दिवसांत ती मिळते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८ अंशांच्या आसपास जाते व हवा अतिशय कोरडी असते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर राहते आणि बुरशी झपाट्याने वाढते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो खरा; परंतु त्याच दिवशी दुपारी तो २९-३० अंशांवर चढतो व आर्द्रता निम्म्याहून खाली येते. कोरड्या हवेत सलामीचा बाह्य थर आधी कडक होतो, आतील पाणी कोंडते आणि बाहेरून वाळलेली सलामी आतून नासते. यावरून असे म्हणता येईल, की पुण्यात सलामी उघड्यावर वाळविण्यास योग्य ऋतू नाही. तापमान व आर्द्रता नियंत्रक बसविलेले स्वतंत्र शीतकपाट ही येथे किमान गरज आहे.

७. सुरक्षित प्रक्रियेचे टप्पे

(अ) मांसाची निवड : तपासणी झालेले मांसच घ्यावे. डुकराचे मांस १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या तुकड्यांत, उणे १५ अंश सेल्सिअस वा त्याखाली, किमान २० दिवस गोठवावे. यामुळे ट्रायकिनेला व पट्टकृमीच्या अळ्या मरतात. जिवाणू मात्र मरत नाहीत. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा व त्यातील २०१५ ची दुरुस्ती यांनुसार गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे, याचे भान ठेवावे.

(आ) मीठ व नायट्राइट : दर किलो मिश्रणास २५ ते ३० ग्रॅम मीठ घालावे. सलामीसाठीच्या खारवण-मिठात (क्युअर क्रमांक २) ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट व ४ टक्के सोडियम नायट्रेट असते. ते दर किलोस २.५ ग्रॅम घेतले असता नायट्राइटचे प्रमाण दशलक्षांत सुमारे १५६ भाग इतके होते. हे मोजमाप चमच्याने करू नये; ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक तराजू वापरावा. शुद्ध नायट्राइटचे एक-दोन ग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. म्हणूनच हे मीठ गुलाबी रंगवून विकतात. बाजारातील सोरा त्याऐवजी वापरू नये. त्याची शुद्धता व त्यातून तयार होणारे नायट्राइट या दोहोंचा भरवसा नसतो.

(इ) किण्वन : मांसासाठी तयार केलेले विरजण, त्याचे खाद्य म्हणून थोडे डेक्स्ट्रोज आणि २० ते २४ अंश तापमान यांची योजना करावी. दह्याचे विरजण येथे चालत नाही. त्यातील जिवाणू उबदार दुधाला सरावलेले असतात आणि खारट, थंड मांसात ते वेळेत आम्ल तयार करतील याची शाश्वती नाही. सामू ५.३ च्या खाली ठराविक वेळेत आला पाहिजे. अमेरिकी मांस उद्योगाच्या निकषानुसार २४ अंशांना ही मुदत सुमारे ८० तास, तर ३० अंशांना सुमारे ४६ तास आहे. मुदत टळल्यास स्टॅफिलोकोकसचे विष तयार झाले असण्याची शक्यता असते. ते उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून असे मिश्रण शिजवून 'वाचवू' नये, टाकून द्यावे.

(ई) वाळविणे : प्रत्येक नगाचे आरंभीचे वजन नोंदवावे आणि ते ३५ ते ४० टक्के घटेपर्यंत वाळवावे. पृष्ठभागावरील पांढरी, पिठासारखी बुरशी बहुधा निरुपद्रवी असते. काळी, हिरवी वा केसाळ बुरशी दिसल्यास तो नग बाद करावा.

(उ) अंतिम तपासणी : वजनातील घट हा अंदाज होय, पुरावा नव्हे. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमांनुसार जलक्रियाशीलता ०.९२ वा त्याखाली, किंवा सामू ५.० व जलक्रियाशीलता ०.९४ वा त्याखाली असल्यास त्या पदार्थात लिस्टेरिया वाढू शकत नाही, असे मानले जाते. ही मापने अन्नतंत्र प्रयोगशाळेत घेता येतात.

८. मर्यादा

वरील सर्व दक्षता घेऊनही धोका शून्यावर येत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींनी न शिजविलेली सलामी टाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रियायुक्त मांसाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. नायट्राइट वगळल्यास हा प्रश्न सुटेल असे वाटते. परंतु घरगुती पातळीवर तसे केल्यास बोटुलिनमसमोरील एक अडथळाच नाहीसा होतो. सलामी क्वचित व अल्प प्रमाणात खाणे हाच विवेकी मार्ग होय.

९. निष्कर्ष

चान्या व चोरिस यांना अशास्त्रीय मानणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्या भरवशावर सलामी करणे घातक आहे. त्या पद्धती आपापल्या हवामानात घडल्या आणि त्यांच्या शेवटी चूल आहे. सलामी दुसऱ्या हवामानात घडली आणि तिच्या शेवटी चूल नाही. ज्या घरी तराजू, सामूमापक व नियंत्रित शीतकपाट यांची सोय नाही, तेथे चोरिसच्या वळणाचा, शिरक्यात मुरविलेला व शिजवून खावयाचा पदार्थ करणेच श्रेयस्कर ठरते. ज्या महाविद्यालयांत ही साधने उपलब्ध आहेत, तेथे सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी सलामीचा प्रयोग एकत्रितपणे हाती घेण्यासारखा आहे. सामू व वजन यांच्या रोजच्या नोंदींतून विद्यार्थ्यांना जे समजेल, ते केवळ पाककृती वाचून समजणार नाही.